आधी रिकामा ग्लास

बालाजीचा फोन आला तेव्हा मी दुकानात खसाचं अत्तर मोठ्या बाटलीतून छोट्या कुप्यांत उतरवत होतो. हे काम करताना मी फोन घेत नाही, हे घरच्यांना आणि जुन्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. पण पडद्यावर नाव दत्ताच्या भावाचं, बालाजीचं होतं, आणि त्यानं मला आठ वर्षांत एकदाही फोन केलेला नव्हता. म्हणून उचलला. "रशीदभाई, दादा गेला," तो म्हणाला. "सकाळी उठलाच न्हाई." मी 'बरं' म्हणालो, फोन ठेवला आणि राहिलेल्या चार कुप्या भरून घेतल्या. उघडी बाटली तशीच टाकून उठायचं नाही, हे वडिलांनी हातात इतकं भिनवलंय की दत्ता गेला तरी हात आपलं काम करत राहिले.

मग घरी गेलो, बेसन लावून आंघोळ केली, कपाटात वेगळा ठेवलेला सदरा घातला आणि लोह्यावरून लातूरकडे जाणारी एसटी पकडली. लोहा मागे पडलं तेव्हा लक्षात आलं की आज अशी आंघोळ करायची काही गरज नव्हती. दत्ताला भेटायचं तर अंगाला वास नको, हा आमचा पस्तीस वर्षांचा नियम. तो ज्याच्यासाठी पाळायचा त्याचं नाक सकाळीच थांबलं होतं, आणि मी आपला बेसन चोळून निघालो होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, तब्येत बरी नाही का? मी म्हणालो, बरी आहे, वय झालं.

दत्ता, म्हणजे दत्तात्रय, औशाजवळच्या एका खेड्यातला. घरची काळी जमीन, वडील नव्हते, घरात माय आणि धाकटा भाऊ बालाजी. मी नांदेडच्या अत्तरवाल्यांच्या घरातला. लातूरच्या कॉलेजात आम्ही केमिस्ट्रीला एका बाकावर आलो. प्रयोगशाळेत एकदा सहा बाटल्यांची लेबलं भिजून गळून पडली आणि सर डोक्याला हात लावून बसले. मी आणि दत्तानं बुचाजवळ हात हलवत, दुरूनच हुंगून, सहाच्या सहा ओळखल्या. मला त्याचं काही वाटलं नाही, आमच्याकडे पोरं चालायच्या आधी हुंगायला शिकतात. पण त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "म्हशीचं दूध नासायला लागलं की मला गोठ्यातूनच कळतंय. माय मलाच विचारती, तापवू का टाकू." मी तेव्हाच ओळखलं की हे नाक आपल्यापेक्षा सरस आहे. हे मी त्याला कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

पुढे तो नाशिककडे एका वाइनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागला. तिथल्या लोकांनी त्याचं नाक हेरलं, शिकवलं, परीक्षा द्यायला लावल्या, आणि काही वर्षांत तो वाइनच्या स्पर्धांमध्ये परीक्षक म्हणून बसायला लागला. आता हे गावात सांगायचं कसं? पोरगा काय करतो, तर दारू चाखतो आणि मार्क देतो. तीन ठिकाणी लग्नाची बोलणी झाली आणि तिन्ही ठिकाणी याच वाक्यावर मोडली. मायला त्यानं समजावून सांगितलं, की मी पीत नाही, तोंडात घेतो, घोळवतो आणि थुंकतो. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "थुकायचीच हाय तर तोंडात घेतू कशाला?" तो तसाच राहिला, लग्नावाचून.

वाइन मी कधी चाखली नाही आणि त्यानंही कधी आग्रह केला नाही. "तुला घोट घ्यायला सांगत न्हाई, नुसता हुंग," म्हणायचा. एकदा मात्र त्याची स्पर्धा बघायला म्हणून नाशिकला गेलो. आदल्या दिवशी त्यानं मला दोनदा आंघोळ करायला लावली, माझे कपडे पिशवीत घालून गाठ मारली आणि स्वतःचा सदरा दिला. "तू दुकानातून निघतूस ना, तर तुझ्याआधी तुझा गुलाब पोचतूय," म्हणाला. तरी मला बसवलं ते पार मागच्या खिडकीपाशी, वारा बाहेर जाईल अशा बेतानं. मला राग आला होता. चार पिढ्या ज्या वासावर जगल्या तो वास म्हणजे जणू उंबऱ्याबाहेर काढायचा चिखल. पण काम सुरू झालं आणि राग विसरलो.

सकाळची वेळ, कारण तेव्हा जीभ ताजी असते. पांढरी चादर घातलेली टेबलं. बाटल्यांना काळ्या कापडी पिशव्या चढवलेल्या आणि पिशवीवर फक्त नंबर, कुणाची बाटली ते कुणालाच दिसू नये म्हणून. पाच परीक्षक, प्रत्येकापुढं ग्लास, साधा पाव, पाणी आणि थुंकायला भांडं. कुणी कुणाशी बोलायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही, कारण शेजाऱ्याचं तोंड बघून माणसाचा मार्क हलतो. दत्ता ग्लास तिरपा धरून चादरीवर रंग बघायचा, मग गोल फिरवून हुंगायचा, मग छोटा घोट घेऊन त्यातून हवा ओढायचा. आवाज असा की गावाकडं पंगतीत कुणी केला तर उठवतील. मग थुंकायचा आणि डोळे मिटून बसायचा. चव तोंडात किती वेळ टिकते ते मोजत असायचा. मग पेन्सिलनं लिहायचा. मार्क शंभरात, पण पन्नासाच्या खाली कुणी जात नाही. मी म्हणालो, म्हणजे हजेरीचे पन्नास. तो हसला आणि म्हणाला, "अरे, बाटलीत उतरून इथवर आली, ह्याला पन्नास नकोत का?"

पण मला त्यातलं सगळ्यात लक्षात राहिलं ते पहिलं काम. वाइन ओतायच्या आधी तो प्रत्येक रिकामा ग्लास उचलून हुंगायचा. प्रत्येक. दुसरे परीक्षक एखाददुसरा हुंगायचे, हा चाळीसच्या चाळीस. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "ग्लास कसल्या फडक्यानं पुसलाय, कुठल्या कपाटात ठेवलाय, काय माहीत? त्याचा वास आत बसलेला असतूय. मग आपण दोष कुणाला देतूय? वाइनला. तिचं काय चुकलं?" आमच्या धंद्यात कुपी गरम पाण्यानं धुतात, पण असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. मी नांदेडला परत आलो आणि त्या दिवसापासून रिकामी कुपी हुंगायला लागलो. गिऱ्हाइकांना वाटतं म्हातारा चळला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो त्याकडं यायला हवं. बालाजीनं घरच्या रानात वाइनची द्राक्षं लावली होती, ती दत्ताच्याच सांगण्यावरून. औशाकडं द्राक्षं बरीच आहेत, पण ती खायची. बालाजीनं चार वर्षं जीव काढून बाग उभी केली, शेडमध्ये छोट्या टाक्या बसवल्या आणि पहिली वाइन केली. ती त्यानं स्पर्धेत पाठवली, आणि त्याच स्पर्धेत दत्ता परीक्षक होता. दत्तानं परीक्षकांच्या प्रमुखांना आधीच सांगितलं की माझ्या भावाची बाटली आहे. ते म्हणाले, पिशव्या आहेतच, पण ओळखू आली तर पेन्सिल खाली ठेवून उठायचं, तो नियम आहे. निकाल लागला. बालाजीला काहीच मिळालं नाही, साधं प्रमाणपत्रसुद्धा नाही. आणि पुढच्याच आठवड्यात दत्ताचं नाव परीक्षकांच्या यादीतून गेलं.

बालाजीनं आपला हिशोब लावला. दादानं माझी वाइन ओळखली, भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून मुद्दाम मार्क कापले, आणि ते उघडकीला आलं म्हणून त्याला काढलं. त्यानं फोनवर एकच विचारलं, "ओळखली व्हती ना?" दत्ता गप्प राहिला. झालं, तिथून बोलणं बंद. दोन वर्षांनी बालाजीनं बाग तोडून सोयाबीन पेरलं.

यादीतून नाव गेलं त्या सुमारास दत्ता नांदेडला माझ्याकडं आला. इथं एक सांगायला हवं. एवढ्या वर्षांत तो माझ्या दुकानात कधीच चढला नव्हता. नाक खराब होतं म्हणून समोरच्या चहावाल्याकडं बसायचा आणि मला बोलावणं धाडायचा. त्या दिवशी सरळ पायरी चढून आत आला, गादीवर बसला आणि मनगट पुढं केलं. "लाव," म्हणाला. "गुलाब लाव. लई वर्षं झाली, बघू तरी." मी लावला. तेवढ्यावरून मला कळलं की याचं काम संपलं.

मग त्यानं सांगितलं. अकरा नंबरच्या ग्लासात त्याला ढाळ्याचा वास आला. ओल्या हरभऱ्याचे ढाळे उपटले की हाताला लागतो तो, आणि त्याच्या खाली तापलेली काळी माती. त्याला वाटलं हे आपलंच रान. त्यानं अठ्ठ्याऐंशी लिहिले. नियमानं उठायला हवं होतं, पण उठलो तर सगळ्यांना कळेल ही याच्या भावाची, आणि त्यांचे मार्क हलतील. बसलो तर उद्या लोक म्हणतील भावाला वर चढवलं. "मग मी खोडलं रे. ब्याऐंशी केले. सहा मार्क खाल्ले मी." दुपारी नंबर आणि नावं उघडली. अकरा नंबर बालाजीचा नव्हताच. तिकडं सांगलीकडच्या कुणाचातरी होता, ज्याचं तोंडही दत्तानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं त्याच पावली प्रमुखांना जाऊन सांगितलं. त्याचा कागद बाजूला काढला, उरलेल्या चौघांच्या मार्कांवर त्या सांगलीवाल्याला त्याचं पदक मिळालं, आणि दत्ताला हात जोडून घरी पाठवलं.

"आणि बालाजीची?" मी विचारलं.

"चार नंबर. तिला मी एकोणऐंशी दिले. खरे. ओळखलीच न्हाई मी रशीद. माझ्या भावाची, माझ्या रानातली... आणि मला ओळखू आली न्हाई."

मी म्हणालो, मग सांग की त्याला, तू कापले नाहीत म्हणून. तो बराच वेळ मनगट हुंगत बसला. "सांगू काय? की तुझी वाइनच एकोणऐंशीची व्हती? चार वर्षं घातलीत त्यानं. आत्ता त्याला वाटतंय माल भारी व्हता, भावानं मारला. वाटू दे. माझ्यावर राग धरून तो उभा तरी राहील." आणि मला शब्द द्यायला लावला की तूही बोलायचं नाही. मी दिला. मैत्रीत माणूस असले शब्द पटकन देतो, आणि मग वर्षानुवर्षं ते आपल्याच्यानं उचलवत नाहीत.

शेवटची दोन वर्षं तो गावीच होता. अंगणापलीकडच्या खोलीत राहायचा. बालाजीची बायको दोन वेळचं ताट नेऊन द्यायची. भावाभावांत बोलणं नाही, दत्ता पारावर बसला की बालाजी वाट वाकडी करून जायचा. मी दोन महिन्यांतून एकदा जाऊन यायचो, दर वेळी म्हणायचो, अरे सांगून टाक. तो म्हणायचा, "पुढच्या खेपंला बघू." आमची दोघांची वयं अशी होती की पुढची खेप आहेच असं धरून चालायचं नाही, हे दोघांना कळत होतं आणि दोघंही धरून चाललो. मला या गोष्टीचा आता नुसता शीण येतो. दुःखाला निदान जोर असतो, याला तोही नाही.

अंत्यविधीला गेलो तेव्हा पारावर कुणीतरी म्हणालंच, "दारूनंच गेला म्हणायचा." डॉक्टरनं हृदय बंद पडलं म्हणून लिहून दिलेलं. ज्यानं आयुष्यात पेलाभर वाइन घशाखाली घातली नाही त्याच्याबद्दल हे. तंबाखूची गुळणी तोंडात धरून बोलत होता तो गृहस्थ. मी म्हणालो, "तो निदान थुंकत तरी होता भांड्यात, तुम्ही पाराच्या कडेला थुंकता." नको होतं बोलायला अशा वेळी. पण बोललो, आणि अजून वाईट वाटलेलं नाही.

तीन आठवड्यांनी बालाजीनं बोलावून घेतलं. दत्ताच्या खोलीत एका ट्रंकेत त्याच्या वह्या होत्या, वर्षवार, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ग्लास. बालाजीच्या मांडीवर त्या स्पर्धेच्या वर्षाची वही उघडीच होती. म्हणाला, "रशीदभाई, ह्याच्यात निस्ते नंबर हायेत. माझी कंची ते कळंना. तुमाला दादानं सांगितलं असंल." मी म्हणालो, मला काय माहीत. तो म्हणाला, "तुमाला खोटं बोलता येत न्हाई भाई. दादा म्हणायचा, तुमचं नाक फुगतंय."

शब्द दिला होता. पण ज्याला दिला तो नव्हता, आणि ज्याच्यापासून लपवायचं तो समोर हात पसरून बसला होता. या माणसानं आठ वर्षं भावाशी वैर धरलं, बाग तोडली, आणि तरी उभा राहिलाय असं काही मला दिसेना. मी बोट ठेवलं. "चार नंबर."

त्यानं वही माझ्याकडंच सरकवली. चष्मा असून म्हणाला, दिसत नाही. मी वाचलं. दत्ताचं बारीक, पेन्सिलीचं अक्षर. "चार. एकोणऐंशी. रंग चांगला. वास शिजलेल्या मनुकांचा. द्राक्ष उत्तम, पिकवणारा जाणकार माणूस आहे. टाकी तापली. वाईट वाटलं." त्याच पानावर खाली अकरा नंबर होता, अठ्ठ्याऐंशी खोडून ब्याऐंशी. मी तेही सांगितलं, सगळं, सांगलीवाल्यापासून मनगटावरच्या गुलाबापर्यंत. माझ्याकडं आता काही राहिलं नाही, बरं वाटलं.

बालाजी भिंतीला टेकून बसला होता. मग म्हणाला, "दोन दिवस लाइट नव्हती." मला कळेना. "मार्चात, भाई. टाक्या भरलेल्या आन दोन दिवस लाइट न्हाई. गार ठेवायचं यंत्र बंद. मी बरफाच्या लाद्या आणून लावल्या बाहेरून, पर टाकी तापलीच. मी कुणाला बोललो न्हाई. दादाला बी न्हाई." त्याला पहिल्यापासून माहीत होतं. वाइन बिघडलीय हे माहीत असून त्यानं ती पाठवली, आणि हार भावाच्या डोक्यावर ठेवली. भावानं ती गुपचूप डोक्यावर घेतली. एका अंगणात दोघं राहत होते, आणि दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी पाच मिनिटांचं काम होतं.

"मग त्यानं कापले न्हाईत," बालाजी म्हणाला. मी म्हणालो, नाही कापले, खरे दिले. "आन मी आठ वर्षं..." तो दारातून दिसणाऱ्या सोयाबीनकडं बघत बसला. मग लहान पोरासारखं म्हणाला, "ते परत वाचा. जाणकार." मी परत वाचलं. त्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा मात्र आम्ही दोघंही रडलो. त्याची बायको चहा घेऊन आली होती, ती दारातूनच मागं फिरली. हे सगळं पेपरात लिहू का, म्हणून मी निघताना विचारलं. तो म्हणाला, "लिवा. पारावरच्यांनी बी वाचावं. बरफाचं बी लिवा."

ग्लास त्यानं मला दिला. मी तो दुकानात वरच्या फळीवर ठेवलाय, केवड्याच्या आणि हिन्याच्या बाटल्यांच्या मधे. त्यात काही घालत नाही, गिऱ्हाईक विचारतं तर विकायचा नाही म्हणतो. सकाळी कुलूप उघडलं की कुप्यांना हात लावायच्या आधी तो उतरवतो आणि त्याच्यासारखाच, नाक काठाच्या आत घालून हुंगतो. पहिले काही दिवस जुन्या वर्तमानपत्राचा वास यायचा, ट्रंकेचा यायचा. आता गुलाब येतो, खस येतो, माझं दुकान येतं. त्यानं हा ग्लास हातात घेताच बाजूला सारला असता. मी पुसून परत फळीवर ठेवतो.